मंडळींची धार

दादा, त्या खंडेनवमीला तुझ्या अंगणात पोलिसांची जीप आली, ती मी बोलावली होती. सोपानअण्णाने नव्हे. चुलतभावाने आपल्याला दगा दिला असे मानून तू गेलास, आणि ज्याने तो दिला तो सख्खा भाऊ शेवटपर्यंत तुझ्या पायाशी बसून तुझे पाय चेपत होता.

सांगायला संधी मिळाली नाही, असे म्हणण्याची सोय मला नाही. संधी पुष्कळ मिळाल्या. प्रत्येक वेळी मी सांगणे पुढे ढकलले आणि त्या ढकलण्यालाच संयम समजत राहिलो. माझा स्वभाव शांत आहे, मी कधी आवाज चढवत नाही, असे लोक म्हणतात. तूही कौतुकाने म्हणायचास. त्या शांतपणात भित्रेपणा किती होता, हे आता तपासू लागलो आहे, तर ऐकायला तू नाहीस.

मागच्या आठवड्यात तुझी मंडळी विकली. एक सोडून सगळी गेली. तू त्या संगिनींना आणि लष्करी सुऱ्यांना कधी हत्यारे म्हटले नाहीस, 'मंडळी' म्हणायचास. "आज मंडळींना ऊन दाखवायचं हाय," म्हणालास की वहिनी अंगणात घोंगडी पसरायच्या. आता वहिनी मनीषाकडे बावधनला राहायला जाणार. लेकीच्या फ्लॅटमध्ये रांगते मूल आहे. तिथे संगिनींची पेटी कोण ठेवील? मी वकिलांना विचारले, ठाण्यात अर्ज दिला, परवाने असलेला संग्राहक शोधला. सगळे रीतसर केले. रीतसर करण्यात माझा, तुझ्या इलासचा, हात कुणी धरणार नाही, हे तूच गावभर सांगत आलास.

आपल्या मुठा खोऱ्यातला पावसाळा लोखंडाचा वैरी. चार महिने तू त्यांना खाकी कापडात गुंडाळून, कापूर घालून जपायचास. पाऊस उघडला की एकेकीला शिवणयंत्राचे तेल लावून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचास. चामड्याच्या म्यानांवर बुरशी आली की वहिनींच्या भांड्यांच्या ब्रशाने घासायचास आणि त्यावरून तुमचे भांडण व्हायचे. काही मंडळी जुन्या बाजारातून आली होती, काही पलटणीतल्या दोस्तांनी दिली होती. एक खुकरी तर तुझ्या नेपाळी मित्राने निवृत्तीच्या दिवशी कमरेची सोडून तुझ्या कमरेला बांधली होती.

मी तुला नेहमी छेडायचो. मारण्यासाठी घडवलेल्या वस्तूंची पूजा कशाला, हा माझा मुद्दा. तू हसायचास. "आमच्या संगिनीनं डबं फोडलं, खड्डं खणलं, आन् एकदा तर आमच्या मेजरसायबाच्या पोरीच्या वाढदिवसाचा केक कापला. तू हाफिसात बसून तुज्या पेनानं जेवढी माणसं कापलीस, तेवढी ह्या सगळ्यांनी मिळून न्हाई कापली." मला राग यायचा. मी सरकारी कचेरीत टिपण्या लिहिणारा माणूस. माझ्या एका शेऱ्याने कुणाचे काय अडले, हे मी कधी मागे वळून पाहिले नव्हते. एकदा मात्र तू हसला नाहीस. "ही ज्यांच्या कमरंला व्हती ती माणसं कुटं हायेत, इलास? मग ह्यांना तरी कुणी पुसाया नको?" तो वाद तसाच राहिला.

त्या वर्षी आपला दुसराही वाद चालू होता, तो तुला आठवत असेल. रस्त्याकडेच्या आपल्या जमिनीला गिऱ्हाईक आले होते. मला माझा वाटा हवा होता, आणि तुझी सही मिळत नव्हती. "जमीन इकून काय घ्यायचं? दुसऱ्याची जमीन?" एवढे बोलून तू उठून गेलास. त्याच सुमारास बांधावरून तुझे आणि सोपानअण्णाचे वाजले. तू खुकरीने बांधावरची घाणेरीची झुडपे साफ करत होतास, अण्णा आला, शब्दाला शब्द लागला, आणि तू हात उगारलास तेव्हा खुकरी हातातच होती. अण्णा पिरंगुटच्या बाजारात चारचौघांना सांगत सुटला, "सुभेदार खुकरी घिऊन आला की अंगावर!" ते माझ्या कानावर आले आणि मी घाबरलो. रक्त सांडेल असे वाटले. ती भीती खोटी नव्हती, दादा. पण मी फोन उचलला तेव्हा माझ्या मनात ती खुकरी होती की ती जमीन, हे आजही मला शपथेवर सांगता येत नाही. बहुधा दोन्ही होते, आणि भीतीचे नाव पुढे करून मी रागाचे काम उरकले.

फोनवर मी नाव सांगितले नाही. अमुक गावात, एका निवृत्त सुभेदाराच्या घरी, हत्यारांचा साठा असल्याचे समजते, असे म्हणालो. समजते! त्याच घरात मी वाढलो. ती हत्यारे पुसताना तुझ्यासमोर तेलाची बाटली धरून मीच बसायचो.

ते येतील, विचारपूस करतील, समज देऊन जातील, असे मला वाटले होते. ते नेमके पूजेच्या वेळी आले. घोंगडीवर सगळी मंडळी ओळीने मांडलेली, प्रत्येकीवर झेंडूचे फूल, तू पाटावर बसून हळद वाहत होतास, आणि आरतीचे तबक माझ्या हातात होते. साहेब वयाने लहान होता. त्याने विचारले, "ही हत्यारं कोणाची?" तू उठून सावधान उभा राहिलास. "माजी हायेत. पण हत्यारं नका म्हनू सायेब, आज पूजा हाय त्यांची." शिपायांनी झेंडूसकट सगळे त्याच घोंगडीत गुंडाळले. बोटांना हळद लागलेली, तसाच तू जीपमध्ये चढलास. गावातल्या एकूण एक दारात माणसे उभी होती. भिंतीपलीकडे अण्णाचे घर, तिथून तोही बघत होता. भांडणामुळे तो त्या वर्षी पहिल्यांदाच पूजेला आला नव्हता. मला वाटते, जीपमधून तुझी नजर त्याच्यावर गेली, आणि तिथेच तुझ्या मनाने निकाल दिला.

मी स्कूटर काढून मागोमाग ठाण्यात आलो. साहेबाशी मी इतके व्यवस्थित बोललो, की त्याने मला खुर्ची दिली. सैन्यातली नोकरी, जुना छंद, गावातला मान, सगळे मुद्दे मी क्रमाने मांडले. आणि तोडगाही मीच सुचवला. "धार घालवली तर त्या शोभेच्या वस्तूच ठरतील, साहेब." साहेबाला ते पटले. परत येताना तू माझ्या मागे स्कूटरवर बसला होतास. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "तू व्हतास म्हणून, इलास."

तो हात मी त्या वेळी झटकून टाकायला हवा होता. गाडी थांबवून तुला सांगायला हवे होते. मी "असू दे रे," म्हणालो.

घोटावड्याच्या वेल्डिंगच्या दुकानात मंडळींची धार घालवली, तेव्हाही मी तुझ्याबरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "द्या, मी करतो." तू दिली नाहीस. एकेक पाते स्वतः ग्राइंडरवर धरलेस. ठिणग्या तुझ्या शर्टावर पडत होत्या आणि तू मागे सरत नव्हतास. सोबत आलेला हवालदार मोजून घेत होता. शेवटी ती खिळ्यासारखी संगीन निघाली, नुसते टोक असलेली, धारच नसलेली. तू ती त्याच्यासमोर धरलीस. "हिची काय घालवू? तुमीच सांगा." हवालदाराला हसू आले. "ऱ्हाऊ द्या तिला," तो म्हणाला. साऱ्या मंडळीत ती एकटी सुटली.

ती कुठली, हे गावात तुम्हा दोघांनाच नीट माहीत. तुझ्या पहिल्या रजेत तू आणि अण्णा जुन्या बाजारात गेला होतात. दुकानदाराशी घासाघीस अण्णाने केली होती. तिच्यावर तुम्ही ओढ्यातले खेकडे भाजून खायचात. घरात तिचे नाव 'खेकड्यांची'. तू अण्णाला म्हणायचास, "सोप्या, सरकारनं जर्मनाच्या पोटासाठी बनवली आन् ती गेली खेकड्याच्या पोटात." अण्णा म्हणायचा, "खेकड्याला काय फरक पडतोय?" आणि तुम्ही दोघे खोकला येईस्तोवर हसायचात.

घोटावड्याहून आलो त्या संध्याकाळी अण्णा अंगणात आला होता. टोपी हातात धरून उभा होता. "बाळ्या, माज्या पोरांची आण, मी न्हाई." तू त्याच्याकडे पाठ केलीस. "ज्यानं केलं त्याला त्याचं नाव म्हाईत हाय," म्हणालास आणि आत आलास. आत येताना तू माझ्या अंगावरून गेलास, दादा. मी दारातच उभा होतो. तुझे शब्द बरोबर माणसाला लागले होते, पण ते तुला कधी कळले नाही.

त्यानंतर तू अण्णाशी बोलला नाहीस. मध्ये एक भिंत, आणि दोन्हीकडे दोन म्हातारी होत चाललेली माणसे. दर पावसाळ्यानंतर तू बोथट पात्यांना पूर्वीसारखेच तेल लावायचास, पण कडेवरून अंगठा फिरवणे तू सोडून दिलेस. ते मी पाहत होतो. खंडेनवमी तू दार लावून, घरातल्या घरात करू लागलास.

आणि मग दवाखाना. वहिनी औषधे आणायला खाली गेल्या होत्या. तू डोळे मिटून पडला होतास, मला वाटले झोपलास. एकदम म्हणालास, "सोप्यानं का केलं असंल रं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. तुला फक्त कळून घ्यायचे होते. तुला तुझा सोप्या परत हवा होता. उत्तर माझ्याजवळ होते आणि ते एका वाक्याचे होते. मी तुझ्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणालो, "जाऊ दे ना आता, दादा." तू पुन्हा विचारले नाहीस.

तुला नेताना फाटकाबाहेर अण्णा पुढे आला. खांदा द्यायला त्याने हात पुढे केला, आणि वहिनी दारातून ओरडल्या, "त्यांनी हात लावायचा न्हाई!" सगळे जागच्या जागी थांबले. मी पुढच्या बाजूला होतो. माझ्यापासून अण्णा हातभर अंतरावर होता. मी मान खाली घातली. अण्णा मागे सरला. नदीपर्यंत तो सगळ्यांच्या मागून चालत आला आणि लांब उंबराखाली उभा राहिला.

आता विक्रीच्या दिवसाचे सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहितो आहे.

घेणारे गृहस्थ पुण्याहून आले होते. सभ्य, हलक्या आवाजात बोलणारे. वहिनींनी अंगणात घोंगडी पसरली, मी पेटी आणली. ते एकेक पाते उचलून बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. "इतकी सुंदर जपलेली आहेत," ते म्हणाले, "मग ह्यांची धार कोणी घालवली?" मी पुढचे पाते त्यांच्याकडे सरकवले. त्यांनी खेकड्यांची उचलली आणि त्यांचे डोळे उजळले. ती त्यांनी वेगळी काढून स्वतःजवळ ठेवली. "ही एकच मूळ स्थितीत आहे. खरं सांगू का, ही आहे म्हणून बाकीच्यांचा विचार करतोय."

तेवढ्यात फाटक वाजले. अण्णा आला होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा या फाटकातून आत येत होता. धुतलेला सदरा, टोपी. चपला त्याने बाहेरच काढल्या.

"वैनी, एक मागाया आलुया."

वहिनींनी तोंड फिरवले.

"ती खेकड्यांची. इकत द्या. फुकट नको."

गृहस्थ गोंधळले. "माफ करा, पण ती मी बाजूला ठेवली आहे."

"ठेवा, ठेवा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना काय बी द्यायचं न्हाई. धार कुनी घालवली, इचारलंत ना मगाशी? पोलीस आणणारा माणूस ह्यो बगा. नीट बगून घ्या."

अण्णाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याला माझ्याकडे पाहण्याचे कारणही नव्हते. "वैनी, आता माणूसच गेला," एवढेच तो म्हणाला, आणि चपलांकडे वळला.

तुला सांगतो दादा, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की तो आता जाईल आणि हे संपेल. घरात वहिनी नसतील, भिंतीपलीकडे म्हातारा किती दिवस राहील. मग हे जाणणारा मी एकटाच उरेन, आणि मी तर गप्प बसणाराच आहे. हे इतके स्पष्ट माझ्या मनात आले की मला माझीच शिसारी आली. मी उभा राहिलो. उभे का राहिलो, तेही मला नीट कळले नाही.

"अण्णा, थांबा," मी म्हणालो. लहानपणापासून त्याला अरेतुरे करणारा मी, तोंडातून 'थांबा' आले. "वहिनी, ती तक्रार अण्णांकडून झालेली नव्हती. ती माझ्याकडून झाली होती."

गृहस्थांनी हातातले पाते खाली ठेवले आणि फोन आल्यासारखे करून ते फाटकाबाहेर गेले. भला माणूस. बाकीची मंडळी त्यांनी नंतर नेलीच, एकही प्रश्न न विचारता.

"भावजी, काय म्हनलात?" वहिनींनी विचारले.

मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, आणखी नीट करून. "ती तक्रार माझ्याकडूनच झाली होती. त्याबद्दल मला अतिशय खेद वाटतो."

वहिनी खाली बसल्या. मला वाटले, झाले. जन्मभर जे सांगायचे राहिले होते ते सांगून झाले. छातीतून काहीतरी उतरल्यासारखे वाटले, आणि तेवढ्यात अण्णा हसला. ते हसणे मी विसरणार नाही.

"तुज्याकडनं झाली? कशी काय झाली रं? पाऊस झाला, तशी झाली? का घसरून पडलास आन् झाली?" तो चपला तिथेच सोडून परत अंगणात आला. "खेद वाटतोय म्हनं! आरं, हाफिसातनं कागुद पाठवतोस व्हय मला? भिताडाच्या पल्याड बसून इतकी वर्सं मी त्याचा खोकला ऐकलाय. रातच्याला खोकला थांबला का माजा जीव थांबायचा. आन् तुज्याकडनं झाली!"

त्याचे खरे होते. आयुष्यभर मी अशीच वाक्ये लिहिली; असे निदर्शनास आले, तसे करण्यात आले, विलंब झाला, चूक झाली. त्यांतून करणारा माणूस मी इतक्या सफाईने काढून टाकायला शिकलो, की माझ्या स्वतःच्या पापातूनही मी मला अलगद बाहेर काढले होते, आणि तेही कबुली देत असताना. कागदावर ते खपते. तुझ्या अंगणात खपले नाही.

वहिनी उठल्या. त्यांनी गृहस्थांच्या जागेवरून खेकड्यांची उचलली, अण्णासमोर गेल्या, आणि ती जमिनीवर ठेवली. टोकाची वस्तू हातात दिली तर वैर येते, म्हणून आपल्याकडे ती खाली ठेवतात आणि घेणाऱ्याने उचलायची असते. "उचला भावजी," त्या अण्णाला म्हणाल्या. तुमच्या भांडणानंतर त्याला भावजी म्हणताना मी त्यांना ऐकले नव्हते. मग माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी. नीट सांगा त्यांना."

अण्णाने ती उचलली नाही. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. वाट बघत होता. माझ्या तोंडात जी भाषा आली ती कचेरीतली नव्हती. ती कितीतरी वर्षांत माझ्या तोंडी आलेली नव्हती. जे बोललो ते तुझेही देणे होते, म्हणून जसेच्या तसे लिहितो.

"फोन मी केला, अण्णा. मी. दादाच्या दारात पोलीस मी आणलं, आन् समद्यांनी तुजं नाव घेतलं तवा मी गप बसलो, कारण मला सुटल्यागत झालं. दादानं दवाखान्यात इचारलं, तरी म्या सांगितलं न्हाई. तुला खांदा दिऊ दिला न्हाई, तवा बी मी तितंच हुतो. तुजा बाळ्या मी तोडला तुज्यापासनं. मी केलं हे. मला माफ कर."